बॅकअप डाइव्ह टॉर्च घ्यायचाय: लुमेन, कँडेला, ‘२०० मीटर’… जाणकारांनी प्रकाश टाकावा

खोलपाणी, शुक्रवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षांपूर्वी नेत्राणीला डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स केला, मग अंदमानात अ‍ॅडव्हान्स्ड. आतापर्यंत ३७ डाइव्ह झाल्या, त्यात रात्रीची फक्त एक, तीही इन्स्ट्रक्टरच्या दिव्यामागे शेपटासारखी. फेब्रुवारीत पुन्हा हॅवलॉकला चाललोय (स्वराज द्वीप म्हणायला हवं, पण तोंडात जुनंच बसलंय). पैसे जमलेच तर पुढच्या वर्षी लाल समुद्र.

हातातला मुख्य टॉर्च आहे, चार्जिंगचा, १,२०० लुमेनचा. पण रात्री उतरताना दोन टॉर्च हवेतच, एक हातात आणि एक खिशात, असं कोर्समध्ये बजावून सांगितलं होतं. तो खिशातला घ्यायचाय आणि तिथेच घोडं अडलंय. तीन नग निवडलेत. कंपन्यांची नावं मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धाग्याचा आखाडा होतो.

अ) चार पेन्सिल सेलवर चालणारा. २०० लुमेन, झोत ६ अंशांचा. डब्यावर १०,००० कँडेला आणि २०० मीटर असं छापलंय. डोकं पिळून चालू-बंद. ४,५०० रुपये.

ब) १८६५० जातीचा एक चार्जिंगचा सेल. १,००० लुमेन, झोत ७५ अंश. कँडेलाचा उल्लेखच नाही. बटण. ६,००० रुपये.

क) ऑनलाइन ऑफरमध्ये. ‘१०,००० लुमेन’, ‘९,९०० एमएएच’ साठवणीचे दोन १८६५० सेल, चार्जर, मनगटाचा पट्टा, सगळं मिळून १,४९९ रुपये.

माझा बाळबोध हिशेब असा: ब हा अ च्या पाचपट उजेड देतो आणि किंमत दीडच हजार जास्त. क तर पन्नासपट. मग शहाणी माणसं अ का घेतात? माझं कुठे चुकतंय?

कट्ट्यावरचा_खेकडा, शुक्रवार, रात्री ९:५१

क घ्या. १०,००० लुमेनमध्ये मासे गॉगल लावून फिरतील.

विजेरीवाला, शुक्रवार, रात्री १०:३५

दिव्यांच्या कारखान्यात नोकरी करतो, चाकणला. पाण्यात कमरेच्या वर कधी गेलो नाही, त्यामुळे डायव्हिंगचं ज्ञान शून्य. पण आकड्यांबद्दल बोलू शकतो.

(आमच्या गावाला टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. घोळ नको म्हणून खाली टॉर्च आणि सेल असेच शब्द वापरतो.)

अंगणात पाण्याचा पाईप सोडा. मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते लुमेन. आता पाईपच्या तोंडावर अंगठा दाबा. पाणी तेवढंच, पण धार कुंपणापलीकडच्या आंब्याला लागते. त्या धारेचा जोर म्हणजे कँडेला. डब्यावर नुसते लुमेन छापणं म्हणजे पाणी किती येतं ते सांगणं, अंगठा आहे की नाही ते न सांगता.

तुमच्या अ आणि ब चा हिशेब करू. ब चे १,००० लुमेन ७५ अंशांच्या शंकूत सारखे पसरले असं धरलं, तर मधोमध कसेबसे ७७० कँडेला निघतात. अ च्या डब्यावर १०,००० आहेत. म्हणजे झोताच्या मध्यापुरतं बोलायचं तर २०० लुमेनवाला १,००० लुमेनवाल्याच्या तेरापट प्रखर. ५ मीटरवरच्या भिंतीवर हवेत अ चे ४०० लक्स (लक्स म्हणजे त्या जागी प्रत्यक्ष पडणारा उजेड) पडतील, ब चे साधारण ३०. झोताचा कोन निम्मा केला की प्रखरता जवळजवळ चौपट होते, म्हणून कोन हा आकडा किरकोळ समजू नका.

‘२०० मीटर’चं गौडबंगालही सांगतो. अमेरिकेत २००९ साली टॉर्चसाठी एफएल१ नावाचं मानक ठरलं. त्यात ‘झोताचं अंतर’ म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स उरतो ते अंतर, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याइतका. गणित सोपं आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १०,००० चं वर्गमूळ १००, दुप्पट २००. तेच तुमच्या डब्यावरचे २०० मीटर. ब ला हेच लावलं तर ५५ मीटर. कदाचित म्हणूनच त्यांनी छापलं नसावं.

रेवा_दुबई, शुक्रवार, रात्री ११:२०

विजेरीवाला, पाईप आवडला. वाचनखूण साठवली.

पण खोलपाणी, तुम्ही लगेच अ कडे पळू नका. माझा अनुभव ऐका. मी फुजैराच्या बाजूला डायव्हिंग करते, रात्रीच्या साठेक डाइव्ह झाल्या असतील. दोन वर्षांपूर्वी १४ मीटरवर माझा मुख्य टॉर्च गचकला. कारण फालतू: बटणवाला होता, आदल्या दिवशी बॅगेत फिन्सखाली दाबला गेला आणि रात्रभर जळत बसला. सकाळी लावून पाहिला तेव्हा लागला, म्हणून मी निश्चिंत. पाण्यात बारा मिनिटांत गुडूप.

खिशातला काढला. तो अगदी तुमच्या अ सारखा, टाचणीसारखा झोत. बडी (डाइव्हमधला जोडीदार) माझ्याकडे पाठ करून कुठल्याशा खेकड्याचा फोटो काढत होता, साताठ मीटरवर. मी झोत त्याच्या समोरच्या वाळूवर आडवा हलवला, त्याने लगेच मान वळवली. इथवर टाचणी झोताला शंभर गुण. त्याच्या स्वतःच्या मोठ्या दिव्याच्या उजेडातही माझा ठिपका उठून दिसला. पसरट झोत त्यात विरघळून गेला असता.

मग गेज (हवा आणि खोली दाखवणारं मीटर) वाचायला गेले आणि डोळ्यांपुढे काजवे. हातभर अंतरावरून १०,००० कँडेला काचेवर मारले की काच पांढरी दिसते, बाकी काही नाही. शेवटी तळहात आडवा धरून बोटांच्या फटीतून सांडलेल्या उजेडात आकडे वाचले.

सांगायचं असं की बॅकअपला कामं दोनच: बडी गाठणं आणि गेज बघत वर येणं. पहिल्याला टाचणी लागते, दुसऱ्याला मंद पसरट. एकात दोन्ही मिळत नाही. मी अजूनही टाचणीच वापरते, कारण गेजसाठी बोटं आहेत. बडीसाठी दुसरा उपाय नाही.

मालवणी_बांगडो, शनिवार, सकाळी ६:५०

वायच माझा पण ऐका. मी हंय गायड म्हणान काम करतंय, दहा वर्सां झाली. तुमचे लुमेन न् कँडेला माका कळणत नाय, पण पाणी कळता. पावस गेल्यावर ऑक्टोबरात हंयचा पाणी म्हणजे चाय. तेच्यात मोठो पसरट लायट लावलास तर समोर पांढरी भिंत उभी रवता. आंबोलीच्या घाटात धुक्यात अप्पर मारल्यावर कसा दिसता? तसाच.

बारीक झोताचो घेवा. आणि डोळ्याच्या रेषेत धरू नका, हात लांब करून बाजूक धरा, म्हणजे मधल्या कचऱ्यावरचो उजेड थेट डोळ्यांत येणा नाय.

अवांतर: लायटीचो इषय निघालोच हा तर सांगतंय. एलईडी लावन मासेमारी करूक बंदी आसा. तरी रात्री दर्याकडे बघितलास तर क्षितिजार लग्नाचो मांडव दिसता. ते लुमेन कोण मोजूचो?

खोलपाणी, शनिवार, सकाळी ९:१५

रेवाताई, बांगडोदादा, धन्यवाद. म्हणजे ‘किती उजेड’ हा माझा प्रश्नच अर्धा होता, ‘कुठे पडलेला उजेड’ असं विचारायला हवं होतं.

दोन शंका. एक, पाण्यात हे २०० मीटर वगैरे कितपत खरे? दोन, क बद्दल कोणी बोलतच नाही. १,४९९ म्हणजे गंमत म्हणून तरी घ्यावा का?

विजेरीवाला, शनिवार, सकाळी १०:०५

पाण्यातलं रेवाताई सांगतील, पण १० मीटर दिसणाऱ्या पाण्यात २०० मीटर हा आकडा शोभेचाच. तो दोन टॉर्चची आपसात तुलना करायला वापरायचा, अंतर मोजायला नाही.

क बद्दल मात्र बोलू द्या, काल रात्रीपासून हात शिवशिवतायत.

चांगल्या बनावटीचा टॉर्च आज एका वॅटला साधारण १०० लुमेन देतो, भिंग-काचेतली गळती धरून. १०,००० लुमेन म्हणजे १०० वॅट. १८६५० चा एक उत्तम सेल सुमारे ३.६ व्होल्ट आणि ३,५०० एमएएचचा, म्हणजे पोटात साडेबारा वॅट-तास. १०० वॅटने उपसला तर साडेसात मिनिटांत रिकामा, तोही २८ अँपिअर ओढू दिले तर. इतका मोठा प्रवाह देणारे सेल असतात, पण त्यांची साठवण आणखी कमी.

आणि ‘९,९०० एमएएच’चा १८६५० अस्तित्वातच नाही. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, तेवढ्या नळकांड्यात ३,५०० च्या जरा पुढे गेलं की रसायनशास्त्र हात टेकतं. सेल किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा. खरा ४५ ते ५० ग्रॅम भरतो. ३० ग्रॅम भरला तर आत काय आहे ते देव जाणे. हे पाण्याखाली बंद डबीत घेऊन जायचं आहे हे लक्षात घ्या.

म्हणून माझी पहिली चाळणी: लुमेनला १०० ने भागा, वॅट आले. सेलचे वॅट-तास त्याने भागा, तास आले. डब्यावरचा वेळ त्याच्या आसपास असेल तर पुढे वाचा. तुमचा ब या चाळणीतून जातो: १० वॅट, साडेबारा वॅट-तास, सव्वा तास. डब्यावर तेवढाच वेळ छापला असेल तर माणूस प्रामाणिक आहे.

अर्धवट_अभियंता, शनिवार, दुपारी १२:३०

विजेरीवाला, एक गोष्ट राहिली. सपाट काचेतून पाण्यात शिरताना किरण आत वळतात. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३. त्यामुळे हवेत ७५ अंशांचा झोत पाण्यात ५४ च्या आसपास येतो, ६ अंशांचा साडेचार. म्हणजे तुमचं तेरापट गणित चुकलं.

विजेरीवाला, शनिवार, दुपारी १:१०

चुकलं नाही, सरकलं. दोन्ही झोत आवळतात. पाण्यात ब चे साधारण १,४५० कँडेला होतील, अ चे १७,५०० च्या पुढे. तेराचे बारा झाले. खोलपाणींच्या निर्णयात काही बदलतं का?

मुद्दा मात्र चांगला काढलात. काही कंपन्या हवेतला कोन देतात, काही पाण्यातला. दोन डबे शेजारी ठेवताना कोणता आहे हे बघायलाच हवं. व्हिडिओच्या दिव्यांना पुढे घुमटासारखी काच असते, त्यांचा कोन पाण्यातही फारसा बदलत नाही.

अर्धवट_अभियंता, शनिवार, दुपारी १:१४

सरकलं हे मान्य. जेवायला जातो.

निवांत_नाखवा, शनिवार, सायंकाळी ५:४५

सगळे प्रखरतेवर बोलताय, पण डब्यांवर ‘८ तास’ वगैरे वेळ छापतात, तो आकडा कोणी उघडून पाहिला का? त्याच एफएल१ मानकात लुमेन मोजतात टॉर्च लावल्यावर ३० सेकंदांनी. आणि वेळ मोजतात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे २०० लुमेनचा टॉर्च ‘८ तास’ चालतो याचा अर्थ आठव्या तासाला तो २० लुमेन देतोय. मधल्या सात तासांचं काय, ते आलेखात दिसतं, आणि आलेख सगळेच देत नाहीत.

डोळाही लबाड आहे. दुकानात एक ट्यूब असताना दुसरी लावली तर कळतं. दहा असताना अकरावी लावली तर फक्त बिलात कळतं. पाचपट लुमेन म्हणजे पाचपट उजेड दिसतो हा समज आधी काढून टाका.

माझा प्रश्न वेगळा आहे. अल्कलाइन सेलचा टॉर्च हळूहळू मंदावत जातो. लिथियमवाला, आत नियंत्रक सर्किट असलं तर, शेवटपर्यंत ठणठणीत आणि मग एकदम बंद. बॅकअपला कोणता बरा? मला पहिलाच वाटतो. म्हाताऱ्या बैलासारखा, दमला तरी गोठ्यापर्यंत आणतो.

रेवा_दुबई, शनिवार, सायंकाळी ६:३०

नाखवा, अर्धंच पटलं. हल्लीचे बरेच लिथियम टॉर्च बंद पडण्याआधी लुकलुकतात किंवा खालच्या पायरीवर येतात, तिथून बराच वेळ मिळतो. पण हे कंपनीगणिक वेगळं, आणि डब्यावर लिहिलेलं असेलच असं नाही. घरी एकदा सेल संपेपर्यंत पूर्ण जाळून बघितल्याशिवाय कळत नाही.

गुहागरकर, रविवार, पहाटे ४:२०

(इथे शनिवारची संध्याकाळ आहे.) आयडीवरून हसून घ्या आधी. मूळ गाव खरंच गुहागर, आणि पोहतो फ्लोरिडातल्या गुहांत. नोकरीने इथे आणलं, बाकीचं पाण्याने केलं.

आमच्याकडे नियम तीन दिव्यांचा: एक मुख्य, दोन बॅकअप. एक दिवा गेला की डाइव्ह तिथेच संपली. मासे नाहीत, फोटो नाहीत, वाटेसाठी अंथरलेली दोरी धरून परत. त्यामुळे बॅकअपने सौंदर्य दाखवावं ही अपेक्षाच नसते. त्याने दोरी दाखवावी आणि जोडीदाराला खुणा दाखवाव्या: गोल फिरवला तर ठीक, सावकाश आडवा हलवला तर इकडे बघ, झपाझप आडवा म्हणजे संकट. रेवाताईंनी त्या रात्री जे केलं तेच.

जिन्नी स्प्रिंग्ज नावाचं प्रसिद्ध ठिकाण आहे इथे. तिथल्या काही गुहांच्या तोंडांशी, गुहेचं प्रमाणपत्र नसलेल्या डायव्हरांना टॉर्च घेऊन उतरूच देत नाहीत. हातात उजेड असला की माणूस ‘जरा आत डोकावू’ म्हणतो, आणि तो ‘जरा’च घात करतो. माझ्या माहितीत दिव्याला इतका मान दुसरीकडे कुठे नाही.

नाखवांच्या बैलाला माझं मत. पण खरी गोम वेगळ्या जागी आहे. बॅकअप हा वर्षातून एकदाही न लागणारा टॉर्च. तो कपाटात पडून राहणार. चार्जिंगचा असेल तर ‘मागच्या ट्रिपला चार्ज केला होता’ एवढ्यावर तुम्ही पाण्यात उतरणार. फेकायचे सेल नवे कोरे घातले की तुम्हाला कळतं आत काय आहे. आळशी माणसाला तेच बरे, आणि मी आळशी आहे.

दुसरं, बटण की पिळायचं डोकं. बटण बॅगेत दाबलं जातं, वर उदाहरण आलंच. बटणवाला असेल तर प्रवासात शेपटीची फिरकी पाव वळसा सैल करून ठेवावी, बहुतेकांचा संपर्क तुटतो. पिळण्याच्या डोक्याचंही दुखणं आहे: नुसतं ‘बंद’ होईल इतकंच सैल केलं तर खोलवर पाण्याचा दाब डोकं आत ढकलतो आणि टॉर्च आपोआप लागतो. म्हणून बंद झाल्यावर आणखी अर्धा वळसा सैल. आणखी म्हणजे आणखीच, उघडायचं नाही! ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) बाहेर डोकावली की पाणी आत.

मालवणी_बांगडो, रविवार, सकाळी ७:३०

गुहागरकर बरोबर सांगतत. गेल्या सिझनाक एका पाहुण्यान दहा मीटरार टॉर्च लागणा नाय म्हणान उलटो पिळलो. डोका हातात, सेल दर्यात.

खोलपाणी, रविवार, सकाळी ११:००

बांगडोदादा, हसू आवरत नाही. 😄

गुहागरकर, पटलं. पण अ मध्ये पेन्सिल सेल लागतात. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारे सेल चालतील?

विजेरीवाला, रविवार, सकाळी ११:४०

थांबा! कोपऱ्यावर दहा-बारा रुपयांना मिळतात ते बहुधा झिंक-कार्बन असतात, भिंतीवरच्या घड्याळासाठी आणि रिमोटसाठी. जास्त प्रवाह मागितला की लगेच मान टाकतात आणि विसरले तर फुटून गळतात. सेलवर ‘अल्कलाइन’ असं स्पष्ट लिहिलेलं घ्या. चारही एकाच पाकिटातले, एकाच दिवशी घातलेले. तीन नवे आणि एक जुना असं केलं तर जुना बाकीच्यांचा घास खातो आणि तोच आधी गळतो.

चार्जिंगचे निकेलवाले पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात, चार मिळून ४.८. टॉर्चच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तरच. पडून असताना चार्ज कमी गमावणारे असतील तर कपाटातही बरेच महिने टिकतात.

रेवा_दुबई, रविवार, दुपारी २:१५

विमानाचं राहिलं. सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत. चेक-इनमध्ये नाही. टॉर्चमधला सेलही काढून ठेवा. डाइव्ह टॉर्च पाण्याबाहेर चालू राहिला तर भाजण्याइतका तापतो, त्याला थंड करायला पाणी गृहीत धरलेलं असतं. म्हणूनच ‘घरी पूर्ण जाळून बघा’ म्हणाले ते पाण्याच्या बादलीत बुडवून, हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

आणि पाणी शिरलेला टॉर्च कधीही तोंडासमोर धरून उघडू नका. सेल आणि खारं पाणी एकत्र आले की आत वायू साठतो, डोकं बुचासारखं उडू शकतं.

कट्ट्यावरचा_खेकडा, रविवार, दुपारी २:२०

डायव्हिंग हा शांततेचा खेळ आहे असं ऐकलं होतं.

खोलपाणी, पुढचा शनिवार, रात्री १०:५०

अपडेट. अ घेतला. ब मित्राकडे निघाला, तो एका रात्रीसाठी आणला, आणि विजेरीवालांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) सांगितलेली चाचणी केली. सोसायटीच्या तळमजल्याचा व्हरांडा, दिवे बंद, भिंतीला टेकवून ठेवलेला मोबाईल, त्यात लक्स मोजायचं अ‍ॅप, बरोबर ५ मीटरवर टॉर्च. लावून ३० सेकंद थांबायचं, मग आकडा वाचायचा, त्याला अंतराच्या वर्गाने, म्हणजे २५ ने गुणायचं.

अ: ३८० लक्स, म्हणजे ९,५०० कँडेला. ब: ३१ लक्स, म्हणजे ७७५. मोबाईलचा सेन्सर अचूक नसतो हे माहीत आहे, पण दोन्ही त्याच सेन्सरवर मोजले, त्यामुळे बारापटीचा फरक खराच. विजेरीवाला, तुमच्या कागदावरच्या ७७० ला माझ्या ७७५ चा नमस्कार.

तिसऱ्या मोजणीला वॉचमन काका आले. अंधारात भिंतीवर टॉर्च मारून वहीत काहीतरी लिहिणारा माणूस त्यांना आवडला नाही. सगळं समजावल्यावर त्यांनी स्वतःचा तीन सेलचा टॉर्च आणला आणि म्हणाले, ह्याचं पण बघा. ११० लक्स. त्यांचा चेहरा पडला, मी म्हटलं काका, तुमचा ब पेक्षा तिपटीने पुढे आहे. एकदम खूश.

नंतर अ बादलीत बुडवून सव्वातीन तास जाळला. दोन तासांनंतर डोळ्याला फरक जाणवायला लागला, तीन तासांनी झोत पिवळट-मंद होता, पण पलीकडच्या इमारतीचा जिना दिसत होता. नाखवा, बैल गोठ्यापर्यंत येतो.

निवांत_नाखवा, शनिवार, रात्री ११:०५

जाळलेले सेल ट्रिपला नेऊ नका म्हणजे झालं.

खोलपाणी, शनिवार, रात्री ११:०७

रिमोटमध्ये घातले. नवे चार घेतले, हॅवलॉकला जाऊन घालीन.

रेवा_दुबई, शनिवार, रात्री ११:३०

छान. लाल समुद्राला गेलात तर थिस्लगॉर्मवर हाच टॉर्च न्या. १९४१ साली जर्मन विमानांनी बुडवलेलं ब्रिटिश मालवाहू जहाज, ३० मीटरवर बसलंय, पोटात अजून मोटारसायकली आहेत. तिथल्या कोठारात आधी उतरलेल्यांनी गाळ उडवलेला असतो. पसरट दिव्याला गाळ दिसतो, बारीक झोताला मोटारसायकल. दिवसाही न्या: खोल पाण्यात तांबडा रंग आधी मरतो, टॉर्च मारला की गंजाचा खरा रंग परत येतो.

खोलपाणी, शनिवार, रात्री ११:४२

नक्की. शेवटचा बाळबोध प्रश्न: खिशात ठेवू की अंगावर अडकवू? टॉर्चला मागे भोक आहे, स्टीलचा हूक थेट त्यात बसतो.

गुहागरकर, रविवार, पहाटे ५:१०

खिशात नको, काढताना पडतो. छातीच्या डी-रिंगला (पट्ट्यावरच्या डी आकाराच्या कडीला) हूक, टॉर्च पट्ट्याला समांतर खाली, आणि वर सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या दोन रबरी चकत्या. अंधारात, हातमोज्यातही हात तिथेच जातो.

हूक थेट भोकात बसवू नका. मध्ये दोरी बांधा. हूक मिठाने जाम झाला किंवा कशात अडकला तर दोरी सुरीने कापता येते, स्टील नाही.

खोलपाणी, रविवार, सकाळी ९:२०

दोरी कुठली? घरात पतंगाचा मांजा आणि पायजम्याची नाडी आहे.

मालवणी_बांगडो, रविवार, सकाळी ९:२५

जाळी शिवूचो दोरो धाडतंय, पत्तो व्यनि करा. नाडी पायजम्यातच ऱ्हवांदे.